थप्पड खरी, त्यावर रचलेली गोष्ट नव्हे

ललिता पवारांची जयंती-पुण्यतिथी आली की एक मजकूर हमखास फिरतो. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान नावाच्या नवख्या नटाने त्यांच्या थोबाडीत जोरात मारली, डावा डोळा कायमचा अधू झाला, तीन वर्षं त्या पडद्यावरून गायब झाल्या, नायिका म्हणून संपल्या आणि नाइलाजाने जन्मभर खाष्ट सासू रंगवत राहिल्या. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

थप्पड खरी आहे. तिच्यामुळे चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, उपचार लांबले, डोळा बारीक राहिला. यात वादच नाही. वाद पुढच्या गोष्टीचा आहे.

'नवखा नट' म्हणजे आपले मास्टर भगवान. त्यांनी १९३८ मध्येच 'बहादूर किसान'चं सहदिग्दर्शन केलं होतं आणि मारधाडीचे स्टंटपट हा तर त्यांचा हातखंडा. जोर चुकला असेल, पण अनुभव नव्हता असं कसं म्हणायचं?

तीन वर्षं गायब? १९४२ मध्ये तीन मिळवले की १९४५ येतं. प्रभातचा 'रामशास्त्री' आला १९४४ मध्ये, आणि त्यात आनंदीबाई आहेत ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी बाई म्हणून मराठी माणसाच्या मनात बसलेली ही व्यक्तिरेखा. प्रभातसारखी संस्था अशी भूमिका कुणाला दयेपोटी देत नाही.

'नायिका म्हणून संपल्या' यात मात्र तथ्य आहे, तेही अर्धंच. कारण हा मजकूर वाचून वाटतं की १९४२ च्या आधी त्या नुसत्या सुंदर चेहरा होत्या. येवल्यात जन्मलेली ही अंबू, म्हणजे पुढची ललिता पवार, १९२८ च्या मूकपटात बालकलाकार होती. 'कैलास' या १९३२ च्या मूकपटात त्यांनी काम केलंच, शिवाय निर्मितीतही वाटा उचलला. १९३८ मध्ये टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' कादंबरीवर बेतलेला 'दुनिया क्या है' काढला, तेव्हा वय होतं बावीस. पदरचे पैसे घालून टॉलस्टॉय पडद्यावर आणणारी बावीस वर्षांची नटी! फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा की. पण यात अश्रू नाहीत, म्हणून ते फिरत नसावं.

आणि ती 'जन्मभर खाष्ट सासू'. 'दहेज'मधली सासू खाष्ट आहेच, 'जंगली'तली आई घरात हसूही देत नाही. पण 'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई कोण? 'अनाडी'तली मिसेस डीसा कोण? ही घरमालकीण भाड्यासाठी राज कपूरवर करवादते, आणि त्याच्यावर माया करते ती आईची. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. डोळा तोच, चेहरा तोच. 'दहेज'मध्ये त्याची धास्ती वाटते, इथे त्याच डोळ्यात लबाड जिव्हाळा दिसतो. म्हणजे करामत डोळ्यातल्या व्यंगाची नव्हती. बाई आवाज कुठे चढवायचा आणि वाक्य कुठे तोडायचं हे जाणत होत्या.

'प्रोफेसर' (१९६२) तर या मजकुराला पुरून उरतो. म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर त्यातली करडी, शिस्तीची सीतादेवी चक्क भाळते. ती लाजते, नटते, आणि आपण हसता हसता तिच्यासाठी थोडे हळहळतोही. विनोदी प्रसंगात एवढा एकटेपणा दाखवणं मला तरी मंथरेपेक्षा अवघड वाटतं. रामानंद सागरांच्या 'रामायण'मधली ती मंथरा त्यांनी साकारली सत्तरीत, थपडेनंतर पंचेचाळीस वर्षांनी.