एडिसनच्या पुढच्या स्टेशनवरचं नाटक

"अमेरिकेत बघा, नाटकवाले सरकारपुढे हात पसरत नाहीत, लोकच देणग्या देतात." प्रायोगिक नाटकाच्या अनुदानाचा विषय निघाला की आपल्याकडे हे वाक्य कुणीतरी टाकतंच. समोरून उत्तरही ठरलेलं: सरकारने द्यायलाच हवं. मी राहतो त्या अमेरिकेत, इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या नाट्यसंस्थांचे जमाखर्च पाहिले की दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटू लागतं.

न्यू जर्सीतली क्रॉसरोड्स थिएटर कंपनी घ्या. ती न्यू ब्रन्सविकला आहे, म्हणजे मराठी माणसांनी गजबजलेल्या एडिसनच्या पुढच्याच स्टेशनवर. रिकार्डो खान आणि एल. केनेथ रिचर्डसन यांनी १९७८ मध्ये ती सुरू केली. सुरुवातीचा पैसा आला तो 'सेटा' नावाच्या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून. मिनेसोटातल्या सेंट पॉलची पेनम्ब्रा ही कृष्णवर्णीय नाट्यसंस्था (स्थापना १९७६, संस्थापक लू बेलामी) हीसुद्धा त्याच पैशावर उभी राहिली. म्हणजे हात सरकारपुढे पसरलेला होताच. पण तो पैसा माणसांना कामावर ठेवण्यासाठी होता, अमुक एका नाटकासाठी नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना गुंडाळली गेली.

१९९१ मध्ये क्रॉसरोड्स २६४ खुर्च्यांच्या नव्या इमारतीत गेली. १९९९ मध्ये तिला प्रादेशिक रंगभूमीचं टोनी, म्हणजे अमेरिकन नाट्यक्षेत्रातलं मानाचं पारितोषिक, मिळालं, कृष्णवर्णीय संस्थेला पहिल्यांदाच. आणि २००० मध्ये कर्जापायी हंगाम रद्द करून दार लावावं लागलं. पुढे संस्था सावरली आणि आता शहराच्या २०१९ मध्ये उघडलेल्या नाट्यसंकुलात प्रयोग करते. टोनीने नाव होतं, वीजबिल भरत नाही. इमारतीसाठी देणगीदार मिळतात, कारण भिंतीवर पाटी लागते. हीटिंग, विमा आणि व्यवस्थापकाचा पगार यांवर कुणाला आपली पाटी नको असते.

तिकिटावर भागत नाही ते का, हे एका हिशेबात दिसतं. समजा दीडशे खुर्च्या, २५ डॉलर तिकीट, तीन आठवड्यांत बारा प्रयोग आणि ६० टक्के भरणा. जमा २७,००० डॉलर. आता खर्च बघा. सहा नट, तालमी आणि प्रयोग मिळून सात आठवडे, प्रत्येकी आठवड्याला ५०० डॉलर: २१,०००. रंगमंच व्यवस्थापक ४,२००. दिग्दर्शक आणि नेपथ्य-प्रकाश-वेशभूषेचे डिझायनर मिळून १२,०००. सेट, कपडे, दिव्यांचं भाडं ९,०००. लेखकाचं मानधन १,२००, जाहिरात ४,०००. बेरीज ५१,४००. यात जागेचं भाडं आणि वेतनावरचा कर धरलेलाच नाही. सगळे प्रयोग हाउसफुल्ल गेले तरी ४५,०००! आपल्याकडच्या हौशी संस्थांचा हिशेब जुळतो, कारण त्यात नटांच्या मानधनाची ओळच नसते. काटकसर म्हणून ते मिरवलं जातं, पण ती तूट नटांनी स्वतःच्या खिशातून भरलेली असते.

उरलेली निम्मी रक्कम आणायची कुठून? इथे सर्वांत मोठी चूक होते ती अनुदानाचा प्रकार ओळखण्यात. प्रकल्प-अनुदान त्या प्रकल्पालाच बांधलेलं असतं. कलांना अनुदान देणाऱ्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकन केंद्र सरकारच्या संस्थेच्या प्रकल्प-अनुदानाला तेवढीच रक्कम इतर ठिकाणांहून उभी करावी लागते. बऱ्याच सरकारी अनुदानांत आधी खर्च, मग परतफेड. २ मे २०२५ च्या संध्याकाळी एन्डाउमेंटने देशभरच्या नाट्यसंस्थांना ईमेल धाडून मंजूर अनुदानं रद्द केली. करार सह्यांनिशी झाले असले तरी ज्यांनी उसनवारी करून सेट उभे केले होते, ते अडकले.

दुसरा घोटाळा वहीतला. बँकेत ६०,००० दिसतात म्हणून पगार वाटले जातात, पण त्यातले ४५,००० पुढच्या नाटकासाठी बांधलेले असतात. ते नाटक आलं की त्याच्या पुढच्या नाटकाचे पैसे वापरायचे. दोन-तीन वर्षं हे खपतं, मग एक अनुदान नाकारलं जातं आणि सगळी साखळी तुटते. यावर उपाय साधाच आहे: वहीत बंधनातला आणि मोकळा असे दोन रकाने ठेवायचे, आणि विश्वस्तांच्या बैठकीत दर महिन्याला फक्त मोकळा आकडा वाचायचा.

मोकळा पैसा येतो तो माणसांकडून, आणि नेमका तिथेच कृष्णवर्णीय संस्थांचा पाया अरुंद आहे. मेरीलँड विद्यापीठातल्या डीव्हॉस इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये मांडलं की अशा संस्थांच्या देणगी-उत्पन्नात व्यक्तींचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे, मुख्य प्रवाहातल्या संस्थांत तो ६० च्या आसपास असतो. कारण प्रेक्षकांचं प्रेम कमी हे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या घर आणि कर्ज नाकारलेल्या समाजात वारसाने आलेली संपत्ती कमी. कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन १९९६ मध्ये प्रिन्स्टनला, न्यू ब्रन्सविकपासून फार लांब नाही, हेच बोलले होते: कृष्णवर्णीय रंगभूमी जिवंत आहे, तिच्याकडे फक्त पैसा येत नाही. मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघात तेव्हा ६६ सभासद होते, त्यांत कृष्णवर्णीय एकच, क्रॉसरोड्स. डीव्हॉसच्या अहवालाचा सल्ला मात्र असा की थोड्याच संस्थांना भरघोस द्या. त्यावर गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. वस्तीतली संस्था बंद पडली तर प्रेक्षक शहराच्या दुसऱ्या टोकाला जात नाही, घरी बसतो.

संकटाची हाक चालते, पण एकदाच. २०१२ मध्ये पेनम्ब्राने हंगाम थांबवून ३,४०,००० डॉलरचं आवाहन केलं आणि लक्ष्य ओलांडलं. दर तीन वर्षांनी 'आम्ही बुडतोय' म्हणणाऱ्याला मात्र पैसे मिळत नाहीत. टिकतात त्या महिन्याच्या वर्गण्या. ३०० माणसं, महिना १५ डॉलर, वर्षाला ५४,०००, म्हणजे वरचं आख्खं नाटक. कार्डावर २.९ टक्के अधिक ३० सेंट जातात. १५ डॉलरवर ते सुमारे ५ टक्के, पण ५ डॉलरवर ९ टक्के. म्हणून थेट बँक खात्यातून मागावं. शिवाय कार्डाची मुदत संपली की वर्गणी गुपचूप थांबते, तेव्हा फोन करणारा माणूस नेमावा लागतो. निधीसाठी मेजवानी भरवण्याच्या मोहात पडू नये: १५० डॉलरच्या तिकिटात ६० चं जेवण असेल तर करसवलत ९० वरच, आणि ७५ च्या वर तसं लेखी कळवणं बंधनकारक. कंपन्यांची 'मॅचिंग' देणगी वेगळी, कर्मचारी देईल तेवढेच कंपनी घालते. एडिसनच्या आयटीतल्या मंडळींच्या हातात हे असतं. ते बहुतेक वापरलंच जात नाही, आणि पुढच्या स्टेशनवर तर नाहीच.

अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडून आपण दलित पँथरसाठी नाव घेतलं, कृष्णवर्णीयांच्या हिशेबाच्या वह्या घेतल्या नाहीत. १९२६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी चार कसोट्या सांगितल्या: नाटक आपल्याविषयी, आपण लिहिलेलं, आपल्यासाठी आणि आपल्याजवळ. हार्लेमच्या वाचनालयाच्या तळघरात त्यांची क्रिग्वा मंडळी नाटकं करत. पुढच्या वर्षी स्पर्धेत त्यांच्यातल्या एका लेखिकेच्या नाटकाला २०० डॉलरचं बक्षीस मिळालं, ते डू बॉइस यांनी निर्मितीखर्चात वळतं केलं, लेखिका आणि नटांच्या हाती काही आलं नाही, आणि मंडळी फुटली. बक्षीस कुणाचं हे प्रवेशिका भरतानाच लिहून ठेवायचं असतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या किती संस्था ते लिहितात?

महाराष्ट्रातल्या वस्तीतल्या संस्थेला महिन्याची वर्गणी खरं तर इथल्यापेक्षा सोपी आहे. यूपीआय ऑटोपेवर ५०० माणसांचे २०० रुपये म्हणजे महिन्याला एक लाख. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही. परदेशातून पाठवायचं असेल तिथे घोळ होतो. अमेरिकन नागरिक झालेल्याची देणगी परकीय ठरते, ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेचं तीन वर्षांचं वय आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. लहान संस्थेला ते झेपत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर ते परकीय नाही. देणगीच्या फॉर्मवर नाव, पत्ता, पॅन यांच्या शेजारी नागरिकत्वाचा रकाना ठेवा. पैसे खात्यात आल्यावर विचारणं अवघड जातं.