सिग्नल-व्हॉट्सॲपचं 'हाडवैर': एक खुलासा

'व्हॉट्सॲपने सिग्नलचं तंत्र चोरलं, म्हणून दोघांत हाडवैर,' असा मेसेज फिरतोय. (सिग्नल हेही व्हॉट्सॲपसारखंच मेसेजिंग ॲप.) चोरीबिरी काही नाही. सिग्नलकर्त्या मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्या टीमनेच ते तंत्र, म्हणजे एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये असं कुलूप), व्हॉट्सॲपमध्ये बसवून दिलं. २०१४ मध्ये सुरुवात, एप्रिल २०१६ मध्ये काम पूर्ण. व्हॉट्सॲपवर कुणाच्याही नावाखाली 'एन्क्रिप्शन' उघडा, पडताळणीचा ६० आकडी क्रमांक दिसेल. सिग्नलमध्येही तसाच असतो. पुढे २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनीच सिग्नलमागच्या सिग्नल फाउंडेशनला ५ कोटी डॉलर दिले.

चढाओढ मात्र खरी. कोण कुणाशी बोललं याची नोंद कोण ठेवतं, यावरून सिग्नलवाले टोमणे मारतातच (आणि मुद्दा रास्त आहे). तरी एन्क्रिप्शन धोक्यात आणू शकणाऱ्या ब्रिटनच्या ऑनलाइन सेफ्टी विधेयकाविरुद्ध एप्रिल २०२३ च्या खुल्या पत्रावर दोन्ही ॲपच्या प्रमुखांच्या सह्या आहेत.