बांध कोरणे म्हणजे अतिक्रमणच का?

वादाला तोंड फुटले ते महापालिकेच्या अतिक्रमण विभागाच्या गाडीमुळे. त्या गाडीने आमच्या चौकातील पदपथावरून दोन हातगाड्या उचलल्या आणि ती पुढे निघून गेली. तेव्हा कट्ट्यावरचे मराठीचे मास्तर म्हणाले की, सकाळी येऊन रात्री परत जाणाऱ्या हातगाडीला आपण अतिक्रमण म्हणतो. पण समोरच्या दुकानाची पायरी आधी पदपथावर उतरली, मग तिच्यावर पत्रा आला, मग पत्र्याखाली शीतपेयांचे कपाट आले, त्या प्रकाराला हाच शब्द कसा पुरेल?

वकील मित्राला ही शंका निरर्थक वाटली. त्याचे म्हणणे असे की, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही अडथळेच आहेत आणि रस्त्यावर बेकायदा मांडलेली वस्तू पूर्वसूचनेशिवाय उचलण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 ने आयुक्तांना दिलेलाच आहे. मास्तर मात्र अडून राहिले. अतिक्रमणात पाऊल हद्दीपलीकडे पडते आणि ते एकदा पडले की काम झाले. हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पुढे सरकण्याला खेड्यापाड्यांत वेगळे क्रियापद आहे आणि ते म्हणजे ‘कोरणे’. बांध कोरतात, तो एका दिवसात कोणी कोरत नाही. आमच्यातील यवतमाळच्या मित्राने लगेच दुजोरा दिला. त्यांच्याकडे बांधाला धुरा म्हणतात, पण क्रियापद तेच.

कोणीतरी ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण पुढे केली, पण ती येथे लागू पडत नाही असे मला वाटते. ओसरी निदान कोणीतरी दिलेली असते, आणि चंचुप्रवेशालाही फट मिळालेली असते. बांध कोरणाऱ्याला कोणी काही दिलेले नसते. त्याने फक्त नांगराचे एक तास, म्हणजे फाळाने ओढलेली एक ओळ, जास्तीचे घेतलेले असते.

यापुढची चर्चा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांनी ताब्यात घेतली, आणि ते योग्यच झाले. त्यांनी हिशेब मांडला. समजा, दोन शेतांमधला बांध 330 फूट लांब आहे आणि शेजारी दर वर्षी नांगरटीत चार बोटे नव्हे, तर चार इंच आत सरकतो. दहा वर्षांत तो सुमारे 3.3 फूट सरकेल आणि 330 गुणिले 3.3 म्हणजे 1089 चौरस फूट, बरोबर एक गुंठा जमीन त्याच्या वहितीत जाईल. सातबाऱ्यावर मात्र कोणाचाच आकडा हलत नाही. कागदावर ज्याची जमीन शाबूत आहे, तो माणूस प्रत्यक्षात एका गुंठ्याने उणा झालेला असतो, आणि कोणत्या वर्षी उणा झाला हे त्याला सांगता येत नाही.

शेती असलेल्या मित्राला हे एकतर्फी वाटले. पावसात बांध ढासळतो, उताराची माती वाहते, भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाला हद्द ठाऊक नसते. अशा वेळी ‘त्याने बांध कोरला’ असे म्हणणे म्हणजे पुराव्याआधीच आरोप ठेवणे होय. ‘अतिक्रमण झाले’ असे बिनकर्त्याचे वाक्य सहज खपते, पण ‘बांध कोरला’ म्हटले की ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारतोच, ही त्याची तक्रार मला रास्त वाटली. त्यावर अण्णांचे उत्तर असे होते की, वाहून जाणारी माती उताराकडे जाते, कोरलेला बांध मात्र चढाकडेही सरकतो. शिवाय ढासळलेली बाजू पसरट होते, तर कोरलेली बाजू सुरीने कापल्यासारखी उभी दिसते आणि तिच्यात हराळीची पांढरी मुळे उघडी पडून लोंबत असतात. बांधाच्या दोन्ही बाजूंनी चालून पाहिले की बहुतेक वेळा मोजणीआधीच उलगडा होतो, असे ते म्हणाले.

वकिलाला आता खरी अडचण दिसू लागली. मुदतीच्या कायद्यानुसार (1963) खासगी जमिनीवरचा प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध घेतलेला ताबा, उघडपणे, अखंड 12 वर्षे टिकला तर मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत 30 वर्षांची आहे. पण इंचाइंचाने गेलेल्या जमिनीची 12 वर्षे मोजायची कोठून? पहिल्या तासाची मुदत वेगळी, नंतरच्या प्रत्येक तासाची वेगळी, आणि ज्याच्याकडे नजर गेली नाही त्या ताब्याला उघड तरी कसे म्हणावे? कायदा तारीख मागतो आणि ‘कोरणे’ या क्रियेला तारीखच नसते. मास्तरांची मूळ शंका वकिलाने अशी स्वतःच्या तोंडाने मान्य केली, तरी शब्दावरचा हट्ट सोडला नाही. दाव्यात आपण अतिक्रमण असेच लिहिणार, कारण कोरणे लिहिले तर समोरचा वकील वर्षावार हिशेब मागेल. हा युक्तिवाद व्यवहारी आहे, पण त्यामुळे शब्दकोशाचा प्रश्न सुटत नाही, एवढेच मी तेथे बोललो.

शेवटी शेतकरी मित्राने स्वतःच्या शेताबद्दल विचारले. अण्णांनी सांगितले की, हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणीनंतर खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मित्र म्हणाला, लगतचा खातेदार म्हणजे त्याचा चुलता आहे आणि वैशाखात त्याच्या घरी लग्न आहे, म्हणून अर्ज लग्नानंतरच करावा असे त्याच्या मनात आहे. अण्णांनी एवढेच विचारले की, नांगरटही वैशाखातच असते ना?