पोर्ट 28 चा 32 केला की बुलेट घाट चढते म्हणे!

साताऱ्यातल्या बुलेटवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: '350 च्या इनटेक पोर्टमधून हवा सेकंदाला जेमतेम 25 मीटरने जाते. पोर्ट 28 चा 32 करा, आतून आरशासारखा घासा, गाडी यवतेश्वर घाट तिसऱ्यात चढेल.' खाली गणितही जोडलंय, त्यामुळे लोक माना डोलावतात.

इनटेक पोर्ट म्हणजे हवा-पेट्रोल इंजिनात जाण्याची वाट; 28 आणि 32 हे तिचे मिलिमीटरमधले व्यास. आधी ते 25 बघू. 346 सीसीला 5250 आरपीएमने गुणलं, दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते म्हणून निम्मं केलं आणि 28 मिलिमीटरच्या भोकाच्या क्षेत्रफळाने भागलं. पण ही चारही स्ट्रोकची (पिस्टनच्या वर-खाली खेपांची) सरासरी झाली की! हवा आत येते ती मुख्यतः एकाच स्ट्रोकला. आकडा चौपट धरायला हवा. सरळ हिशोब असा: स्ट्रोकची लांबी 90 मिलिमीटर, म्हणजे 5250 ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15.75 मीटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 70; त्याला 28 ने भागून वर्ग केला की 6.25. गुणाकार 98 मीटर. तोही सरासरीच, स्ट्रोकच्या मधल्या भागात पिस्टनचा वेग सरासरीच्या दीडपटीवर जातो.

आणि 25 खरे मानले तरी 'हवा सुस्त आहे म्हणून भोक वाढवा' हे उफराटंच. भोक वाढलं की त्याच आरपीएमला हवा आणखी सुस्त होते. 32 ला त्या 98 चे 75 उरतात.

घाटात गाडी 5250 वर नसतेच. 2500 धरा: 28 ला 47 मीटर, 32 ला 36. वेग 23 टक्के घटला, पण हवेतला जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो 41 टक्के घटला. हा जोर लागतो पिस्टन तळाला जाऊन वर निघाल्यावर. तेव्हाही इनटेक वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे पोर्टची झडप) थोडा वेळ उघडा असतो. धावत आलेली हवा त्यातही आत घुसते. सुस्त हवेला पिस्टन कार्ब्युरेटरकडे माघारी लोटतो. मग तिसरा राहू द्या, दुसऱ्यातच गाडी कुंथते.

वरच्या आरपीएमला मोठा पोर्ट फायदा देतो, हे मान्य. मात्र सोबत कॅम (वॉल उघडणारा भाग) आणि वॉलचाही विचार हवा. वॉलचा घेर गुणिले लिफ्ट (वॉल जेवढा उघडतो ती उंची), एवढीच तिथली वाट. ती तशीच ठेवून मागचं भोक वाढवणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा तेवढाच ठेवून बोळ रुंद करणं.

आरशासारखं पॉलिश एक्झॉस्टला करा, तिथे काजळी कमी धरते. कार्ब्युरेटरच्या गाडीला इनटेकची भिंत जराशी खरखरीत असलेलीच बरी.

हात चालवायचाच असेल तर ग्राइंडरआधी मोजमाप करा. वॉल बसवा, सीटला (वॉल टेकतो त्या कडेला) ग्रीस लावा, पोर्टचं तोंड वर करा आणि सिरिंजने केरोसीन भरा. जेवढे सीसी बसले त्यांना पोर्टच्या मधल्या रेषेच्या लांबीने भागलं की सरासरी क्षेत्रफळ मिळतं. मग गाईडपाशी (वॉलची दांडी जाते त्या नळीपाशी) आणि सीटच्या वर गेज घालून सगळ्यात अरुंद जागा शोधा, वरच्या हिशोबात तीच धरा. मेसेजमधला 28 बहुधा तोंडावरच मोजलेला असेल; आत गाईडपाशी भोक क्वचितच गोल असतं.