छोट्या देणगीला छोटाच अर्ज

महाराष्ट्रात सामाजिक संस्थांच्या पैशांवर वाद सुरू झाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यावर खर्चायचा, एवढा पैसा पडलाय, संस्थांनी धड प्रस्ताव लिहायला शिकावं. दुसरा म्हणतो, संस्था म्हणजे पैसे खाण्याची सोय, सरकारने नियम आणखी आवळावेत. दोघांच्याही डोळ्यांपुढे मोठ्या संस्था असतात. भाड्याच्या तीन खोल्या, दोन ताई आणि एक स्वयंपाकीण एवढ्यावर चालणाऱ्या संस्थेचं लाइटबिल कोण भरणार, हे दोघंही विचारत नाहीत. मला हा प्रश्न छळतो, कारण मी राहते तिथे तो बऱ्यापैकी सुटलेला आहे.

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या एका छोट्या गावात राहते. गावात लायन्स क्लब आहे आणि त्याचे हिशेब माझ्याकडे असतात. या देशातला पहिला लायन्स क्लब १९४७ साली लिझमोर नावाच्या गावात निघाला. आता कुठल्याही आडगावात गेलात तरी वेशीवर त्याची पिवळी-निळी पाटी दिसते. आमच्या क्लबात श्रीमंत कुणी नाही. निवृत्त शिक्षक, गाईगुरांवाले शेतकरी, प्लंबर, एक नर्स. पैसा उभा राहतो तो शनिवार-रविवारी उन्हात उभं राहून. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानसाखळीत दाराशी तंबू आणि शेगडी मिळते. तिथे स्थानिक मंडळांनी पावात सॉसेज आणि परतलेला कांदा घालून विकायचं आणि आलेला गल्ला आपल्या कामाला वापरायचा, अशी देशभर प्रथा आहे. एकाची किंमत साडेतीन डॉलर. नाताळच्या आधी आम्ही फळांचे केक विकतो. नोव्हेंबर २०२३ पासून व्हिक्टोरियात रिकामी बाटली परत दिली की दहा सेंट मिळतात, तेव्हापासून लोक आपल्या बाटल्यांची पोतीही क्लबाला देऊन टाकतात.

लायन्सचा एक नियम जगभर सारखा आहे आणि माझ्या मते सगळी इमारत त्यावरच उभी आहे. क्लबाची दोन खाती वेगळी ठेवायची. सभासदांची वर्गणी, सभेचं जेवण, टपाल, बिल्ले हे सगळं एका खात्यातून. लोकांकडून जमवलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि तो लोकांच्याच कामाला लागला पाहिजे. म्हणजे शेगडीपाशी पाच तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी क्लबाच्या जेवणाला आला, तर आपलं ताट आपल्या खिशातून भरतो. गावातल्या लोकांना हे ठाऊक असतं, म्हणून ते सुटे पैसे परत न घेता डब्यात टाकतात.

मग हा पैसा वाटायचा. वर्षातून दोनदा आम्ही गावातल्या संस्थांकडून अर्ज मागवतो. अर्ज एका पानाचा. काय हवंय, किती पैसे लागतील, कोणाला उपयोग होईल, आणखी कुणाकडे मागितलंय का, आणि वस्तू घेतल्यावर तिची देखभाल कोण करील. सोबत दुकानाचं कोटेशन. रक्कम साधारण पाचशे ते दोन हजार डॉलर. दोघं-तिघं जाऊन संस्था पाहून येतात, सभेत चर्चा होते, मत पडतं. ज्याची बायको किंवा सून त्या संस्थेत असेल तो त्या वेळी खोलीबाहेर जातो. पैसे मिळाल्यावर संस्थेने पावती द्यायची आणि एका सभेत येऊन पाच मिनिटं बोलायचं. बास.

या रकमांमधून काय होतं? गरजू कुटुंबांना शिधा देणाऱ्या बायकांचा फ्रीझर बंद पडला होता. त्यांच्याकडे अन्नधान्यासाठी सरकारी अनुदान होतं, पण ते फक्त अन्नावर खर्चायचं होतं, यंत्रावर नाही. आमच्या पैशातून फ्रीझर आला आणि मांस, भाज्या टिकायला लागल्या. खेळणी-वाचनालयाला मांडण्या मिळाल्या. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या पुरुषांसाठी इथे गावोगाव सुतारकामाच्या शेड असतात, त्यांना लाकूड कापताना उडणारी धूळ ओढून घेणारं यंत्र मिळालं. यातली एकही गोष्ट कुठल्या कंपनीच्या अहवालात झळकणार नाही. पण या तिन्ही संस्था आज चालू आहेत त्यात या पैशाचा वाटा आहे, हे हिशेब ठेवणारी म्हणून मी खात्रीने सांगू शकते.

आता बीड जिल्ह्याकडे वळते. माझी मावसबहीण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी छोटं वसतिगृह चालवते. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तेवढे महिने मुलांना गावात ठेवलं नाही तर त्यांची शाळा फडातच सुटते. ताईला धान्य मिळतं. वह्या, ब्लँकेटं, वाढदिवसाचं गोडाधोडाचं जेवण, सगळं मिळतं. मिळत नाही ते भाडं, गॅस, रात्री मुलांपाशी झोपणाऱ्या बाईचा पगार आणि ऑडिटची फी. एका कंपनीने मदतीची तयारी दाखवली, मोठा फॉर्म भरून घेतला, आणि पैसे आले मार्चअखेर. तोवर मुलं घरी जायला लागली होती.

कायद्याने कंपन्यांना द्यायला लावलं हे चांगलंच झालं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते, आणि राज्यांमध्ये त्याचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. पण मोठ्या रकमेला मोठीच तपासणी लागते. करसवलतीसाठीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचं काम, मूल्यमापनाचे तक्ते. ताईसारख्या बाईचे दोन महिने त्यातच जातात आणि त्या दोन महिन्यांत मुलांकडे पाहायला कुणी नसतं.

परदेशी पैशाचं तर आणखी अवघड. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे माझ्या बचतीतून बँकेमार्फत मी पाठवलेली रक्कम एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परदेशी देणगी ठरत नाही. माझ्या शेजारच्या मराठी कुटुंबाने इथलं नागरिकत्व घेतलंय. त्यांनी तेवढीच रक्कम पाठवली तर ती परदेशी ठरते. ती घ्यायला ताईच्या संस्थेला एफसीआरएची नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी हवी, आणि नोंदणीसाठी तीन वर्षांत कामावर किमान पंधरा लाख खर्च केलेला हवा. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी पैसा घेऊन खेड्यापाड्यातल्या छोट्या संस्थांना वाटून देत असे. २०२० च्या दुरुस्तीने ते बंद केलं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. गैरवापर रोखायलाच हवा, यात दुमत नाही. पण छोट्या संस्थांपर्यंत जाणारी वाट बुजली, आणि तिच्या जागी दुसरी कुणी काढली नाही.

म्हणून मला वाटतं, ही वाट गावाने काढावी. इथलं उचलून तिथे लावा असं मी म्हणत नाही. इथल्या क्लबांचे दोष मला जवळून दिसतात. सभासद म्हातारे होत चाललेत, नवे येत नाहीत. ओळखीच्या संस्थांना झुकतं माप मिळतं: क्रिकेट क्लबाला अर्ज कधी सुटतात ते न सांगता कळतं, आणि निर्वासित म्हणून आलेल्या बायकांच्या शिवणवर्गाला ते सुटून गेल्यावर कळतं. ही गोष्ट मी सभेत बोलून दाखवली, तेव्हा सूचना वाचनालयात आणि दवाखान्यात लावायचं ठरलं. शिवाय इथे आरोग्याचा आणि शाळेचा मोठा भार सरकार उचलतं, म्हणून क्लबाला फ्रीझरपुरता विचार करणं परवडतं. बीडमधल्या मुलांची राहण्याची सोय ही सरकारची जबाबदारी आहे, आणि शेगडीवरच्या गल्ल्याने ती सरकारच्या डोक्यावरून उतरत नाही. ताईसुद्धा हेच म्हणते.

पण आपल्याकडे पाया नाही असं कुणी म्हणू नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये तळेगावला त्यातून काचेचा कारखाना निघाला. आजही पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं; छोट्या संस्था टेबल मांडून बसतात, लोक समोरासमोर बोलतात आणि तिथेच देणगी देतात. ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. मराठी माणूस देत नाही ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं टिकणारी, अर्ज मागवणारी, जाऊन पाहणारी आणि हिशेब मांडणारी व्यवस्था मात्र कमी पडते.

ती कोण करू शकेल? तालुक्यातले रोटरी आणि लायन्स क्लब. पोलिओच्या कामात रोटरीच्या लोकांनी वर्षानुवर्षं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या मूळ, नैसर्गिक विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही. पण अलीकडे या क्लबांचा ओढा मोठ्या प्रकल्पांकडे आहे. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे मोठ्या प्रकल्पांसाठीच्या अनुदानाला, किमान तीस हजार डॉलरचं अंदाजपत्रक लागतं, त्यात डायलिसिसची यंत्रं येतात आणि यायलाच हवीत. त्याच्या जोडीला प्रत्येक क्लबाने दरसाल लाखभर रुपये दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत गावातल्या संस्थांना द्यायचं ठरवलं, तर दहा संस्थांचा एकेक अडलेला खर्च निघेल. दहा हजारांच्या धनादेशासाठी शाल, श्रीफळ, बॅनर आणि पाहुणे नकोत. त्या समारंभाचाच खर्च कधी कधी देणगीएवढा होतो, आणि मदत घेणाऱ्या मुलांना फोटोसाठी रांगेत उभं राहावं लागतं. हे मला फार लागतं.

दुसरी जागा गणेश मंडळांची. वर्गणीसाठी नोंदणी नसलेल्या मंडळांना धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो, म्हणजे कागदाची सवय आहे. घरोघर जाऊन पैसे मागण्याची हिंमत आहे, आणि कार्यकर्ते तरुण आहेत. इथल्या क्लबांकडे नेमकं तेच नाही. एका पेठेतल्या चार-पाच मंडळांनी परवानगीच्या अर्जातच हा हेतू लिहावा आणि वर्गणीचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा. त्यातून मांडव नाही, वाद्यं नाहीत, कार्यकर्त्यांचं जेवण नाही. समितीत मंडळाबाहेरच्या दोन बायका असाव्यात, एक हिशेब कळणारी आणि एक वस्तीत काम करणारी. अर्ज मराठीत, एका पानाचा. भाडं, पगार, गॅस, ऑडिट फी हे खर्च चालतील असं त्यावर ठळक लिहिलेलं असावं. आणि बीडसारख्या जिल्ह्यात पैसे दसऱ्याच्या आत संस्थेच्या हाती पडावेत, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत वसतिगृहाचं कुलूप उघडता येईल.