रिक्तिकेची वाट अडवल्याने रोप खारेपणा सोसत नाही

सध्या एक दावा बराच पुढे पाठवला जातोय: खाऱ्या जमिनीत सोडियम पेशीच्या रिक्तिकेत (पेशीतल्या पाणी भरलेल्या मोठ्या पिशवीत) साठतो आणि रोप मरतं, म्हणून अमिलोराइडसारख्या रोधक रसायनाने रिक्तिकापटलावरची (रिक्तिकेभोवतीच्या पापुद्र्यावरची) त्याची वाहतूक बंद करावी.

"रिक्तिकेतला सोडियम मारतो." घात करतो तो पेशीद्रवातला, म्हणजे रिक्तिकेबाहेरच्या द्रवातला सोडियम. तिथे तो विकरांवरच्या (एन्झाइमांवरच्या) पोटॅशियमच्या जागा बळकावतो. खाजणात वाढणाऱ्या वनस्पतींची विकरंसुद्धा परीक्षानळीत मिठापुढे तितकीच हळवी ठरतात. त्या तगतात, कारण त्या सोडियम रिक्तिकेत कोंडतात. कोंडलेला सोडियम खाऱ्या मातीतून पाणी ओढायलाही कामी येतो.

"वाहतूक बंद करा." कोणत्या दिशेची? एनएचएक्स अँटीपोर्टर, म्हणजे रिक्तिकापटलावरचा अदलाबदली वाहक, प्रोटॉन बाहेर सोडून सोडियम आत घेतो, तर पटलातल्या वाहिन्यांमधून तो परत पेशीद्रवात झिरपतो. अडवायचाच तर हा झिरपा अडवावा. १९९९ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात एनएचएक्स१ वाढवलं, तेव्हा रोपं २०० मिलीमोलार मिठात वाढली. दावा नेमकं याच्या उलट करायला सांगतो.

"मग एनएचएक्स काढून पाहा." तेही झालंय. २०१२ च्या अभ्यासात एनएचएक्स१ आणि २ दोन्ही नसलेली रोपं मिठाला साध्या रोपांइतकीच संवेदनशील निघाली. सोडियम तर रिक्तिकेत जास्तच कोंडला गेला, म्हणजे आत जायला आणखी वाटा आहेत. बिघडला तो पोटॅशियमचा साठा: पेशींचा ताठरपणा घटला, वाढ खुंटली, पर्णरंध्रांचं काम बिनसलं.

"अमिलोराइडने सिद्ध झालंय." लाल बीटच्या रिक्तिकापटलावर ते अँटीपोर्टर रोखतं, हे १९८५ पासून ठाऊक आहे. त्यातून वाहक असल्याचं कळतं, रोपाचा फायदा नाही. शिवाय हा रोध मोजायची चाचणी फसवी आहे. पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांना एटीपी (पेशीचं इंधन) आणि मॅग्नेशियम देऊन आतला सामू (पीएच) उतरवतात, ॲक्रिडिन ऑरेंज या रंगद्रव्याची चमक मावळून स्थिरावली की बॅफिलोमायसिन या रोधकाने प्रोटॉन आत ढकलणारा पंप थांबवतात, मग मीठ घालून चमक परतण्याचा, म्हणजे प्रोटॉन बाहेर पडण्याचा, सुरुवातीचा वेग मोजतात. पंप चालू राहिला तर तो बाहेर आलेले प्रोटॉन पुन्हा आत ढकलतो आणि वेग कमी दिसतो. अमिलोराइड स्वतः दुर्बल अल्क आहे, त्यामुळे सामूतला फरक तेही पुसू शकतं. म्हणून सोडियमविना, नुसतं अमिलोराइड घातलेली तुलना हवीच. तिथेही चमक परतली, तर निष्कर्ष बाद.

सबंध रोपावर तर अमिलोराइड पेशीच्या बाहेरच्या पटलावरचा, सोडियम बाहेर टाकणारा अँटीपोर्टरही रोखतं. मग पानाच्या राखेतला एकूण सोडियम मोजून काही ठरत नाही. तो पेशीद्रवात किती आणि रिक्तिकेत किती, हे वेगवेगळं मोजावं लागतं.