बॅज वाजला नाही, मग डोस लागलाच नाही?

क्ष-किरण विभागात आणि कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांखाली पाहत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात ती खोली) काम करणाऱ्यांकडे, अंगाला लागलेल्या किरणांचा डोस मोजणाऱ्या बॅजबद्दल एक संदेश फिरतोय: ‘छातीला बॅज लावा, किरणांची काळजी मिटली. तो वाजला नाही आणि रिपोर्टात शून्य आलं, म्हणजे तुम्हाला डोस लागलाच नाही. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनवर मात्र लावू नका, आकडा उगाच फुगतो.’

पहिलं वाक्य तर उघडच चूक आहे. पर्जन्यमापक पाऊस अडवत नाही, तसा बॅजही किरणं अडवत नाही. डोस कमी होतो तो कमी वेळ थांबल्याने, लांब राहिल्याने आणि आडोशाने.

‘वाजला नाही’ हे त्याहून गमतीशीर. नेहमीच्या टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅजमध्ये वाजण्यासारखं काही नसतंच. आतले स्फटिक किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत ते तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून डोस काढतात. म्हणजे आकडा हाती येतो तो वापराचे महिने उलटून गेल्यावर. वाजतो तो इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर, म्हणजे डोस मोजणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, आणि तोही ठरवून दिलेली पातळी ओलांडल्यावरच. शिवाय तीव्र, क्षणिक स्पंदांच्या क्ष-किरणांत अशी काही उपकरणं कमी मोजतात.

आता शून्य. त्याचा अर्थ एवढाच, की या बॅजवर, या जागी, नोंदपातळीच्या (ज्याच्या खालचा डोस नोंदवलाच जात नाही तिच्या) वर काही आलं नाही. बॅज खणात पडून राहिला तरी शून्यच येतं (हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही). क्ष-किरणांच्या झोताजवळ हात असेल तर छातीवरच्या बॅजला बोटांचा डोस कळत नाही. त्यासाठी अंगठीचा डोसिमीटर लागतो. श्वासातून किंवा तोंडावाटे किरणोत्सर्गी पदार्थ शरीरात गेला, तर त्यासाठी लघवीची तपासणी किंवा होल बॉडी काउंटिंग (शरीरातून बाहेर येणारी किरणं यंत्राने मोजणं) करावं लागतं.

एप्रनच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. एकच बॅज एप्रनवर लावला, तर शरीराचा डोस खरोखरच वाढीव दिसतो, म्हणून एकटा बॅज आतच हवा. पण गळा आणि डोळे एप्रनबाहेर असतात. डोळ्याच्या भिंगासाठी आयसीआरपीने (किरणांपासून संरक्षणाच्या शिफारशी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०११ साली वर्षाला १५० मिलिसिव्हर्टची (हे डोसचं एकक) मर्यादा थेट २० वर आणली, पाच वर्षांच्या सरासरीने. संपूर्ण शरीराच्या डोसलाही हाच २० चा आकडा आहे. कॅथलॅबसारख्या ठिकाणी म्हणूनच दुसरा बॅज एप्रनबाहेर, कॉलरपाशी लावतात. दोन्हींवर आतला कोणता, बाहेरचा कोणता हे ठळक लिहून ठेवा. अदलाबदल झाली की हिशेब पार बिघडतो.